अजिंक्य-१ ची वैशिष्ट्ये

२ जानेवारी. सकाळी १०.१५
आजपासून रोज डायरी. काल सुट्टी होती म्हणून काल नाही. ही वही फक्त माझ्यासाठी. टेबलाच्या खालच्या खणात ठेवणार, किल्ली माझ्या खिशात. खणाचं कुलूप बिघडलंय, पण किल्ली माझ्या खिशात.

तीस नोव्हेंबरला रिटायर होतोय. त्याआधी माझा वाण समितीकडून पास झाला पाहिजे. बस्स, एवढंच मागणं आहे. लसूणघासावर अकरा वर्षं घातली. गुरांचा चारा म्हणून लोक हसतात. हसोत बापडे. शेतात पाणी साचलं की लसूणघासाची मुळं कुजतात आणि हिरवंगार रान पंधरा दिवसांत आडवं होतं. त्याला मूळकूज म्हणतात. भल्याभल्यांनी तिच्यापुढे हात टेकले. माझा वाण तिला भीक घालत नाही. नाव ठरलंय, अजिंक्य-१. एक अशासाठी, की दोन आणि तीन रिटायरमेंटनंतर काढणार आहे.

इतर संकल्प: चहा दिवसाला दोन कप. रोज चालणं. बुरशीवाल्या मॅडमशी वाद नाही.

२ जानेवारी. दुपारी ४
चहा: पाच कप. पहिला दिवस आहे.

९ जानेवारी
मध्ये सहा दिवस लिहिलं नाही. कामच तसं होतं. कोणतं ते आता आठवत नाही, पण होतं.

बुरशीची प्लेट बदलली. रोगाची ही बुरशी मी स्वतः सांभाळतो, अकरा वर्षं. दर महिन्याला ताजी प्लेट, तीत बटाट्याचा अर्क आणि साखर. एकदाही चुकलं नाही. ही म्हणते, मला टायफॉइड झाला तेव्हा तुम्ही इतक्यांदा डोकावला नव्हता. आता टायफॉइड काय, औषधाने बरा होतो. बुरशीला कोण आहे?

पलीकडच्या खोलीत बुरशीवाल्या मॅडम बसतात. रोगशास्त्र हा त्यांचा विषय. आज दारातूनच म्हणाल्या, सर, इतकी वर्षं बटाटा नि साखर खाऊन बुरशी चावायचं विसरते. अधूनमधून तिला जिवंत मुळावर सोडून पुन्हा धरावी लागते. मी हसून सोडून दिलं. वाद नाही, असा संकल्प आहे. शिवाय माझी बुरशी दिसायला त्यांच्या बुरशीपेक्षा कितीतरी गुबगुबीत आहे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

१९ जानेवारी
उद्या शेवटची फेरी. काम सोपं आहे, म्हणून तर कोणाला जमत नाही. ट्रेमध्ये रोपं लावायची. बुरशीचं पाणी मुळाशी ओतायचं. मरतील ती मरतील. जगतील त्यांना जाळीत बंद करून आत मधमाश्या सोडायच्या, की जगणाऱ्यांचं जगणाऱ्यांशी लग्न लागतं. बी धरायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पहिल्या वर्षी शंभरात नऊ जगली होती. मग सतरा. मग एकतीस. आणि सहाव्या वर्षापासून एकदम नव्वदच्या वर! मॅडम म्हणाल्या होत्या, एवढी उडी बरी नव्हे. दुसऱ्याची उडी कोणाला बरी वाटते?

२० जानेवारी. सकाळी ११
ओतलं. दोन हजार रोपं.

एक सुधारणा केली. दरवेळी एक ट्रे ‘चेक’चा ठेवतात. त्यात जुना, हमखास रोगाला बळी पडणारा वाण. तो मेला, तर परीक्षा खरी झाली असं समजायचं. गेली तीन वर्षं माझ्याकडे तोही मरत नाहीये. मी याचा खोलवर विचार केला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. चांगल्यांच्या संगतीत तोही सुधारला. मग उगाच जागा कशाला अडवायची? आमच्याकडे रोपांचं सगळं बघणाऱ्या मावशींना सांगितलं, चेकचा ट्रे फेकून द्या. त्या म्हणाल्या, साहेब, तो पहिल्यापासून असतो. म्हटलं, मावशी, पहिल्यापासून पुष्कळ गोष्टी असतात.

११ फेब्रुवारी
शंभर टक्के!!!
एकही रोप मेलं नाही. दोन हजारांपैकी दोन हजार. मी ट्रेभोवती दोनदा चक्कर मारली (चालण्याचा संकल्प: पूर्ण).

मावशी म्हणाल्या, साहेब, काहीच मेलं नाही, मग तपासलं काय? त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. वीस मिनिटं. त्या तेवढ्यात दोन ट्रे धुऊन मोकळ्या झाल्या.

१४ फेब्रुवारी
सगळीच जगली म्हणजे निवड कशाची करायची, हा मोठ्या माणसांचा प्रश्न माझ्यापुढे आला. देखणी निवडली. रुंद पान, गडद रंग, ताठ खोड. फोटोतही बरी दिसतील. किडकिडीत, फिकट, केविलवाणी होती ती काढून टाकायला सांगितली. असली रोपं मावशी दरवर्षी मागच्या गळक्या नळापाशी खोचतात, त्यांच्या शेळीला होतात म्हणून. तिथे बारमाही चिखल. निम्मीअधिक सडून जातात, उरलेली शेळी खाते. ऑफिसच्या आवारात हे शोभत नाही. काढून टाका म्हटलं. त्या हो म्हणाल्या.

२० मार्च
जाळीत मधमाश्या. लसूणघासाचं फूल मोठं तऱ्हेवाईक. माशी बसली की आतला दांडा फटकन उसळतो आणि तिच्या थोबाडीत बसतो. तेव्हाच फळ धरतं. दोन-चार थपडा खाल्ल्या की माशी शहाणी होते, बाजूने भोक पाडून मध पिते आणि निघून जाते. कामचुकार. या ऑफिसची हवाच तशी.

२२ मार्च
माश्यांवर विसंबून कसं चालेल? आपला हात जगन्नाथ. टूथपिक घेऊन स्वतः जाळीत शिरलो. अडीचशे फुलं उडवली.

२२ मार्च. दुपारी ३
अकरा डंख. एक ओठावर. संचालकांच्या मीटिंगमध्ये बोलता आलं नाही. संचालक नंतर म्हणाले, आजची मीटिंग फार छान झाली.

६ एप्रिल
मेहुणा आला होता. म्हणजे हिचा धाकटा भाऊ. चाळीस गाईंचा गोठा आहे त्याचा. गेल्या वर्षी त्याचा तीन एकरांच्या सखल तुकड्यातला सगळा घास मूळकुजीने गेला. या वर्षी तिथे मका टाकू म्हणतो. अरे, घरात वैद्य आणि तू मक्याच्या दारात? भावोजी, तुमचा वाण पास झालाय का, असं त्याने विचारलं. म्हटलं, पास व्हायचा म्हणजे कागदावर व्हायचाय. गुण काय कागदाने येतात?

गेल्या वर्षीच्या फेरीचं वाढवलेलं बी होतं. तिन्ही एकरांना पुरेल एवढं दिलं. ही म्हणाली, अहो, समितीची परीक्षा होईपर्यंत थांबा, त्याची गुरं त्या तुकड्यावर आहेत. मी म्हटलं, तुझ्या भावाचं भलं करतोय तर तूच आडवी ये. मेहुण्याला शब्द दिला की पाणी साचलं तरी माझ्यावर सोड. तो म्हणाला, भावोजी, तुम्ही म्हणताय तर मका रद्द.

घरचा माणूस. विश्वास टाकतो. बरं वाटलं.

१२ मे
समितीच्या फॉर्मसाठी वाणाची वैशिष्ट्ये लिहून काढली. पाने रुंद, गडद हिरवी. फुले जांभळी. खोड ताठ पण कोवळे, गुरे आवडीने खातात. वर्षात सात कापण्या. कापल्यावर चौथ्या दिवशी नवी फूट. प्रथिने भरपूर. आणि मग तो रकाना: मूळकूज प्रतिकार, टक्के. लिहिलं, १००.

संचालक म्हणाले, ब्याण्णव लिहा, शंभर खोटं वाटतं. मी म्हटलं, सर, खऱ्याला कसली भीती? ते म्हणाले, ठीक आहे, सही तुमची. मी केली.

समिती पाच केंद्रांवर आपापली परीक्षा घेणार. निकाल ऑगस्टअखेर. वैशिष्ट्यांच्या कागदाला फ्रेम करायला टाकली. फ्रेमवाला म्हणाला, कागद कच्चा दिसतोय, फायनल आल्यावर करू. प्रत्येकाला माझ्या कामातलं कळतं.

१८ जून
मेहुण्याचा फोन. घास गुडघ्यावर आलाय, गाई तुटून पडतात. हिला स्पीकरवर ऐकवलं. मग पुन्हा फोन लावून पुन्हा ऐकवलं. चहा: सात कप. आजचा दिवस हिशेबात नाही.

९ जुलै
आठ दिवस पाऊस. मेहुणा म्हणतो, खालच्या बाजूला पानं पिवळी पडतायत. लोह कमी आहे. फवारणी सांगितली.

१३ जुलै
मेहुणा म्हणतो, पिवळेपणा वर सरकतोय, दुपारी घास माना टाकतो. उन्हाने होतं. पाऊस थांबला ना! पाणी दे म्हटलं, भरपूर. तो म्हणाला, भावोजी, आधीच चिखल आहे. मी म्हटलं, वरचं ओलं असतं, खाली मुळाशी कोरडंच असतं. चोवीस वर्षांचा अनुभव आहे माझा.

१७ जुलै
मेहुणा म्हणतो, हातात धरलं की अलगद उपटून येतं, मूळच नाही. उंदीर असणार. सापळे सांगितले.

ही चहाचा कप टेबलावर ठेवते आणि जाते. मोजला तर एकच कप झाला आज. संकल्प आपोआप पाळला जातोय.

२० जुलै
आज जाऊन आलो.

बांधावरूनच वास आला. तीन एकर. जिथे घास होता तिथे तपकिरी केसांसारखं काहीतरी चिखलावर पडलंय. एक झुडूप ओढलं. मूळ काळं, बोटात चोळलं की साल सुटून आली. उंदरांनी नव्हे.

मेहुणा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने चहा केला, मला खुर्ची दिली, स्वतः बादलीवर बसला. नऊ गाई दुसऱ्याच्या गोठ्यात पाठवल्यात, त्यात त्याची ती पांढरी, मुलीने नाव ठेवलेली. एवढं सांगितलं, मग म्हणाला, भावोजी, बिस्कीट घ्या.

मला लाज वाटली. त्याने मका टाकला असता तर आज गोठा भरलेला असता. हे इथे लिहून ठेवतो, कारण मी स्वतःला ओळखतो, उद्या मी हे मान्य करणार नाही.

२१ जुलै
काल थोडा भावनेच्या आहारी गेलो. शांतपणे विचार करता मेहुण्याच्या जमिनीतच दोष असावा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण अंगण खरोखरच वाकडं असू शकतं, याचा विचार कोणी करत नाही.

तरी एक काळं मूळ पिशवीत घालून आणलं होतं. मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

१४ ऑगस्ट
मॅडमनी त्या मुळातून बुरशी काढली. मला न विचारता परीक्षाही लावली. एका बाजूला माझी बुरशी, एका बाजूला मेहुण्याच्या शेतातली. दोन्हीकडे अजिंक्य आणि जुना चेक शेजारी शेजारी. आज बोलावून दाखवलं.

माझ्या बुरशीवर सगळं जगलंय. अजिंक्यही, चेकही, कडेला चुकून उगवलेलं गवतही. मेहुण्याच्या बुरशीवर चेक मेलाय, शंभरात सत्त्याऐंशी. अजिंक्य नवव्या दिवशी संपला. सगळा.

मॅडमनी मी-म्हटलंच-होतं असा चेहरा केला नाही. करायला हवा होता. मला भांडता आलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, सर, पहिली पाच वर्षं तुमची निवड खरी होती. नंतर बुरशी माणसाळली. मग तुम्ही दिसायला चांगली तेवढी निवडलीत, आणि रोपांत जो प्रतिकार आला होता तोही हळूहळू गळून गेला.

अकरा वर्षं बटाटे खाऊ घातले. वाघ पाळतोय असं वाटत होतं. मांजर झालं होतं, आणि मी त्याच्या पिंजऱ्यात रोपं सोडून त्यांच्या शौर्याचे आकडे लिहीत होतो.

१६ ऑगस्ट
आज एक विचित्र प्रकार. मॅडम हात धुवायला मागच्या नळावर गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मावशींनी ती केविलवाणी रोपं काढलेली नव्हतीच. नऊ-दहा वर्षांचा माझा सगळा टाकाऊ माल, बारा महिने चिखलात. शेकडो खोचली असतील, उरलीत चौदा. मॅडमनी शेजारची माती तपासली. मूळकुजीची बुरशी खच्चून भरलेली, अस्सल, जिवंत. आणि त्यात ती चौदा उभी. शेळी दर महिन्याला बुडापासून खाते, ती पुन्हा फुटतात.

म्हणजे मावशी आणि शेळी मिळून दहा वर्षं योग्य पद्धतीने निवड करत होत्या. शेळी तर बिनपगारी.

मॅडमनी विचारलं, मावशी, ही रोपं आम्हाला द्याल का? मावशी म्हणाल्या, न्या की, पण शेळीचं काय ते बघा. मी तिथेच उभा होतो. ऑफिसच्या आवारात हे शोभत नाही, हे माझंच वाक्य होतं. मावशी मला ते ऐकवू शकल्या असत्या. त्यांनी नळ बंद केला आणि गेल्या.

३१ ऑगस्ट
पाच केंद्रांचे निकाल. अजिंक्य-१ : मर (शंभरात मेलेली रोपं) १००, १००, १००, १००, १००.
संचालक म्हणाले, ब्याण्णव लिहिलं असतंत तरी हेच झालं असतं, पण जरा बरं दिसलं असतं.

४ सप्टेंबर
चूक माझी होती, असं ठरवलं. मेहुण्याला फोन केला. सांगितलं की जमीन चांगली आहे तुझी. लोह नव्हतं, उंदीर नव्हते. तो म्हणाला, भावोजी, सापळ्यात एक उंदीर मात्र सापडला. आणि हसला. मलाही हसू आलं.

त्याने विचारलं, नळापाशी काहीतरी जगलंय म्हणे? ही बोलली वाटतं. त्याचं बी केव्हा मिळेल, असंही विचारलं. म्हटलं, तीन-चार वर्षं, नीट तपासून. तो म्हणाला, थांबतो. फक्त तुमच्याकडून नको, मावशींकडून घेईन.

१० ऑक्टोबर
मॅडमच्या नव्या परीक्षेच्या आराखड्यात माझं नाव नाही. शेळीचंही नाही. असो.

२३ नोव्हेंबर
समितीचं पत्र! लिफाफा हाताला जाड लागला. पत्र दोनदा वाचलं.

समितीने अजिंक्य-१ स्वीकारला आहे.

पुढचं वाक्य असं, की जुना चेक हल्ली शंभरात बारा-तेरा जगतो, त्यामुळे परीक्षा पक्क्या होत नाहीत. अजिंक्य-१ पाचही केंद्रांवर निरपवादपणे पूर्ण मेला. इतका भरवशाचा वाण समितीच्या पाहण्यात नाही. तरी यापुढे मूळकुजीच्या प्रत्येक परीक्षेत, प्रत्येक केंद्रावर, ‘हमखास बळी पडणारा चेक’ म्हणून तोच लावला जाईल.

म्हणजे दरवर्षी, सगळीकडे. इतका पसरलेला दुसरा कोणाचाही वाण नाही या ऑफिसात. संचालकांचा तर मुळीच नाही.

हिने विचारलं, काय लिहिलंय? म्हटलं, पास झाला. हिने पत्र मागून घेतलं आणि चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मग भावाला फोन लावला. तो काय म्हणाला ते मी विचारलं. ही म्हणाली, म्हणतोय, भावोजींना सांग, शंभर टक्के लिहिलं होतं, शंभर टक्केच आले.

२९ नोव्हेंबर
फ्रेमवाल्याकडून फ्रेम आणली. वैशिष्ट्यांचा कागद नव्याने टाइप केला. पाने, फुले, खोड, कापण्या, सगळं तसंच. मूळकुजीपुढे ‘प्रतिकार’ होतं, तिथे ‘मर’ केलं. आकड्याला हात लावावा लागला नाही.

३० नोव्हेंबर. दुपारी ४.३०
शेवटचा दिवस. भाषणं आटोपली. संचालक म्हणाले, सरांच्या कामाची जागा कोणी घेऊ शकत नाही. चहा: बरोबर दोन कप. वर्षात पहिल्यांदा, आणि तोही मोजून दिला म्हणून.

खण रिकामा केला. किल्ली सापडत नाहीये. कुलूप बिघडलेलंच असल्यामुळे अडलं नाही.

निघताना मागे गेलो. नळाच्या रोपांची पहिली परीक्षा उद्या लागणार. ट्रे मांडून तयार होते. मावशी शेवटचा ट्रे हातात घेऊन उभ्या होत्या. बाकीच्यांत ती फिकट, किडकिडीत रोपं, याच्यात मात्र रुंद पानांची, गडद हिरवी, देखणी. मावशींनी विचारलं, साहेब, हा चेकचा ट्रे आहे, ठेवायचा की फेकायचा?

म्हटलं, ठेवा मावशी. तो माझा आहे.